अकरा आकडे त्याचे, आठ माझा

...नाही, परक्याने केलं असतं ना, तर मला काही वाटलं नसतं! अगदी खरं सांगतो. शेजाऱ्याने केलं असतं, ऑफिसातल्या साहेबाने केलं असतं... तो तर रोजच करतो, माझे नकाशे स्वतःच्या सहीने वर पाठवतो, मी कधी हूं की चूं केलं नाही. पण बायकोने? जिने चार महिने दर रविवारी माझ्या डोक्याशी उभं राहून टॉर्च धरला, तिने? जी मला सांगायची, "अहो, जरा श्वास रोखा, तुमचा तीन थरथरतोय," तिने? हसताय काय! तुमच्या घरी अजून झालं नाही म्हणून हसताय. व्हायचंय!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. नाहीतर म्हणाल, हा माणूस आला आणि नुसता ओरडायलाच लागला.

तर आमचे सासरे. छत्तीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर. म्हणजे काय, तर फाटकाशी बसायचं, घड्याळाकडे बघायचं, वेळ झाली की भोंगा वाजवायचा आणि नंतर जो कोणी आत शिरेल त्याच्याकडे असं बघायचं की त्याने उद्यापासून घरीच बसावं. तुम्हाला सांगतो, आमच्या लग्नाला मी अकरा मिनिटं उशिरा पोचलो. गाडी पंक्चर झाली हो! मुद्दाम केली का मी? बावीस वर्षं झाली त्याला. अजून कुणाशी माझी ओळख करून देताना काय म्हणतात माहितीये? "हे आमचे जावई. अकरा मिनिटं." बस्स! माणसाचा हुद्दा नाही, शिक्षण नाही, स्वभाव नाही... अकरा मिनिटं!

आणि कौतुक? नाव काढू नका! बावीस वर्षांत ह्या गृहस्थाने मला एकदा, एकदासुद्धा 'वा' म्हटलेलं नाही. त्यांच्या खोलीत मी पंखा बसवून दिला, स्टुलावरून पडता पडता वाचलो, वर बघून म्हणाले, "फिरतोय. पंखा आहे, फिरणारच." त्यांच्या कपाटाचं दार सहा वर्षं कुरकुरत होतं ते मी बंद केलं, तर म्हणाले, "आता दार उघडलं की कळत नाही." आता बोला! तर मनात एक गोष्ट धरून बसलो होतो, की मरायच्या आधी... म्हणजे माझ्या किंवा त्यांच्या, जे आधी असेल ते... ह्या माणसाच्या तोंडून एक 'वा' काढायचा. फार नाही मागत. दीड अक्षरही नाही, एक अक्षर!

आता झालं काय, दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली. चालता-फिरता येतं, माणूस ओळखू येतो, पण बारीक काही दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आहे एवढी जपा. आणि त्यांच्या मनगटावर ते जुनं चावीचं घड्याळ, आकडे मुंगीएवढे. नाकाशी नेऊन बघायचे, खिडकीशी जाऊन बघायचे, आणि मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारायचे, "किती वाजले?" एक दिवस ही माहेराहून आली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडायला लागली. म्हटलं, "अगं, झालं काय?" तर म्हणाली, "बाबांनी आज दूधवाल्याला वेळ विचारली." मलाही कसंतरीच झालं हो. दोन हजार माणसांना वेळेवर आणणारा माणूस!

मोठ्या आकड्यांचं नवीन घड्याळ आणून दिलं, तर म्हणाले, "हे घड्याळ आहे की ताट? माझं आहे ते बरं आहे." संपला विषय. आणि तेव्हा मला, तुम्हाला सांगतो, अंघोळ करता करता सुचलं. घड्याळ तेच ठेवायचं, मशीन तेच, पट्टा तोच, फक्त डायल बदलायची! ती आकड्यांची चकती हो, काट्यांच्या खालची. आकडे मोठे, काळे, ठसठशीत. आणि ती विकत नाही मिळत, घरी करायची. हाताने! कोण करणार? अरे, आपण कोण आहोत? नकाशाखात्यात पंचवीस वर्षं हाताने आकडे काढणारा माणूस! आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं ते सोडा, मी दिवसभर बटणं दाबतो ते सोडा, पण हात? हात कुठे जातोय!

हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही? बाबांसाठी?" आणि हिने माझ्याकडे असं बघितलं ना, लग्नात बघितलं होतं तसं. म्हणजे मी पोचल्यावर. लगेच कामाला लागली. सर्व्हिसिंगच्या नावाखाली घड्याळ काढून आणलं आणि आमच्या घड्याळजीकडे ठेवलं. हा घड्याळजी म्हणजे डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, दिवसाला एकूण नऊ शब्द बोलतो. त्याला सगळा बेत समजावून सांगितला, नकाशा काढून दाखवला, पाऊण तास बोललो. तो म्हणाला, "बघा." झालं!

मग सुरू झालं. तुम्हाला वाटत असेल, डायल म्हणजे काय, एक चकती कापायची आणि आकडे काढायचे. हो ना? मलाही तसंच वाटलं होतं! पितळेचा पत्रा आणला, पोस्टकार्डाएवढा पातळ. त्यातून मोठ्या नाण्याएवढी चकती कापायची, कानशीने घासायची, मग पॉलिश पेपरने घासायची, मग त्याहून बारीक पेपरने घासायची, आणि एवढं घासल्यावर कळतं की आपण ती लंबगोल करून ठेवलीय. मग मधलं भोक. काट्यांच्या दांडीसाठी. केसभर इकडे सरकलं की काटे एका बाजूच्या आकड्यांवर चढून बसतात आणि दुसऱ्या बाजूला पोचतच नाहीत. सात चकत्या वाया गेल्या. सात! हिने त्यातल्या दोन पडद्याच्या टोकांना शिवल्या, वजन म्हणून, आणि म्हणाली, "काही वाया जात नाही हो." बघा, किती गोड होती त्या वेळेला!

मग पाय. डायलला पाय असतात, माहितीये? मागच्या बाजूला टाचणीएवढे दोन. ते मशीनच्या भोकांत बसतात, म्हणून डायल फिरत नाही. ते झाळायचे, म्हणजे सोल्डर करायचे. आणि आधी पाय झाळायचे, मग पुढून रंग द्यायचा. हे मला कधी कळलं? आधी रंग देऊन मग पाय झाळल्यावर कळलं! रंगाला असे फोड आले की ही म्हणाली, "ह्याला भाजलंय, मलम लावू का?" पुन्हा पहिल्यापासून! मग रंग वाळवायचा, तर त्यावर धूळ बसते. धूळ कुठे नसते? बाथरूममध्ये. दोन दिवस बाथरूमला कडी. शेजारी विचारतात, "पाणी गेलंय का तुमच्याकडे?" मी दोन दिवस ऑफिसला तसाच गेलो हो! कुणासाठी? अकरा मिनिटं म्हणणाऱ्या माणसासाठी!

आणि मग आकडे. हिच्या मेकअपच्या ब्रशातले तीन केस काढले, काडीला बांधले, भिंग डोळ्याला, टॉर्च हिच्या हातात. एका रविवारी एक आकडा. बारा रविवार! आणि नुसतं काढून भागत नव्हतं, त्यांना दिसायला हवं, म्हणून प्रत्येक आकड्यावर तीन तीन हात रंगाचे. ही फुंकर घालायची. मी म्हणायचो, "फुंकू नकोस, थुंकी उडते." ती म्हणायची, "माझी थुंकी उडत नाही." असा आमचा संसार बहरला होता! आणि तिकडून सासऱ्यांचा फोन रोज. "सर्व्हिसिंगला चार महिने? जावईबापूंनी घड्याळवाल्याला आठवण केली नसेल. त्यांना वेळेचं काही नाही." मी इकडे त्यांचाच नऊ रंगवतोय आणि ऐकतोय! गिळलं. म्हटलं, बोला, बोला, लवकरच 'वा' म्हणायचंय तुम्हाला.

आता ह्यात आमचा मेहुणा कुठे आला? तेच तर! तो कुठेच नव्हता! हिचा धाकटा भाऊ. बापाने कारखान्यात चिकटवलेली नोकरी त्याने तीन वर्षांपूर्वी सोडली आणि रंगीत माशांचं दुकान काढलं. फिशटँक, दगड, बुडबुडे. सासरे म्हणाले, "मासे येतात का वेळेवर कामाला?" ह्याने उलट उत्तर दिलं. झालं, तीन वर्षं अबोला. पोरगा वाईट नाही हो, पण हाताने म्हणाल तर शर्टाचं बटण लावता येत नाही त्याला. खिळा ठोकायला सांगितला तर भिंत बदलावी लागते. असा हा माणूस!

सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. संध्याकाळ. दहा-पंधरा माणसं बसलेली. मी नवीन शर्ट घातलेला, खिशात डबी, डबीत घड्याळजीने त्याच दुपारी नवी डायल बसवून दिलेलं घड्याळ. मनात भाषणाची तयारी... फार नाही, दोन वाक्यं, "बाबा, हाताने केलंय, बघा जमलंय का." आणि ही येते, माझ्या खिशातून डबी काढून घेते आणि हळूच म्हणते, "मी देते हं." म्हटलं दे, लेकीने द्यावं, बरं दिसतं. मी निर्धास्तपणे एक आख्खं बिस्कीट तोंडात टाकलं. आणि ही दाराआडून कुणाला हाताला धरून आणते? मेहुण्याला! आणि म्हणते, "बाबा, हे ह्याने केलंय. तुमच्यासाठी. चार महिने खपत होता."

तुम्हाला सांगतो... बिस्कीट होतं तोंडात! कोरडं! आत जाईना, बाहेर येईना! मी मेहुण्याकडे बघतोय, की हा आता नाही म्हणेल, मग म्हणेल. तो तिथे उभा, तोंड उघडतोय, मिटतोय, उघडतोय, मिटतोय, त्याच्याच दुकानातल्या माशासारखा, आणि आवाज नाही! परक्याने केलं असतं ना, तर मी बिस्किटासकट बोललो असतो!

सासऱ्यांनी डबी उघडली. घड्याळ हातात घेतलं. सवयीने नाकाशी न्यायला लागले आणि मध्येच थांबले. हात लांब केला. अजून लांब केला. आणि म्हणाले, "पाच वाजून... सतरा मिनिटं." कुणालाही न विचारता! पुन्हा एकदा म्हणाले, मोठ्याने, "पाच सतरा." आणि मग मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वा!"

माझा वा! बावीस वर्षं ज्याची वाट बघितली तो वा, माझ्या डोळ्यांदेखत, चार फुटांवरून, दुसऱ्याच्या खांद्यावर गेला! पोरगा रडला, बाप रडला, ही रडली. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, तर एक काकू म्हणाल्या, "बघा, जावई किती हळवे आहेत!" हळवा कसला, ठसका लागलाय मला!

घरी आल्यावर मी हिला धारेवर धरलं. "अगं, का? का?" ती शांतपणे केस सोडत म्हणाली, "अहो, बाबांनी तुम्हाला वा म्हटलं काय, न म्हटलं काय, तुम्ही दर रविवारी तिथे जेवायला जाणारच. तो तीन वर्षं फाटकापर्यंत येऊन परत जायचा." म्हटलं, "मग मला आधी विचारायचं तरी!" म्हणे, "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात." आता हे बरोबर आहे, पण हे काय उत्तर झालं? आणि वर काय म्हणाली माहितीये? "तुम्ही आपले आहात म्हणून घेतलं. परक्याचं घेतलं असतं का मी?" घ्या! म्हणजे परका असतो तर वाचलो असतो!

पण गोष्ट इथेच संपली असती तरी मी गिळली असती. सवय आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांचा फोन. हिने स्पीकरवर टाकला. "काल घड्याळ बंद पडलं. आठाशी काटा अडला." झालं होतं असं, की आकडे मोठे, रंगाचे तीन हात, आणि आठाला मध्ये ती गाठ असते ना, तिथे रंग साचून टेंगूळ आलेलं. लहान काटा आठाशी पोचला आणि त्या टेंगळाला टेकून उभा राहिला. सासरे आठच्या ठोक्याला जेवतात. तर बाप आणि लेक, तीन वर्षांनी एकत्र बसलेले, आठ वाजायची वाट बघत गप्पा मारत बसले, आणि आठ वाजेचनात! अडीच तास! शेवटी पोटात कावळे ओरडले तेव्हा कळलं. आता मला सांगा, ते अडीच तास त्यांना कुणी दिले? माझ्या आठाने दिले! त्याचं तरी श्रेय?

छे! मी स्पीकरशेजारी उभा, आणि ही माझ्याकडे बघून, डोळ्याला डोळा देऊन, फोनमध्ये म्हणते, "बाबा, आठ ना? तो ह्यांनी काढलाय. ह्यांना फार हौस, म्हणून त्याने एक आकडा ह्यांना काढू दिला."

अकरा आकडे त्याचे! आठ माझा! परक्याने... जाऊ दे. पलीकडून सासरे काय म्हणतात? "मला वाटलंच. अकरा आकडे कसे ताठ उभे आहेत. आठ तेवढा पोट सुटलेला. जावईबापूंनी आरशात बघून काढला काय?" आणि लगेच पुढे, "पोराला म्हणावं, रविवारी ये आणि माझ्यासमोर नीट करून दे. मला बघायचंय कसं करतो ते."

दहा मिनिटांत मेहुण्याचा फोन. "भाऊजी, मेलो! भाऊजी, काटे कसे काढतात? भाऊजी, मी पळून जातो!" एक क्षण वाटलं, पळ! जा पळून! पण तेवढ्यात तो म्हणाला, "भाऊजी, बाबांनी काल मला माशांची नावं विचारली. सगळ्या माशांची." आता काय करणार? म्हटलं, "तू काही करू नकोस. आठ माझा आहे ना? मग माझी चूक मीच दुरुस्त करतो असं मी म्हणतो, तू फक्त सांगितल्यासारखं कर." असं बोलून गेलो आणि मग कळलं, मी माझ्या हाताने त्याचा शागीर्द झालो.

घड्याळजीकडे हत्यारं मागायला गेलो. तो भिंगातून बघत म्हणाला, "आठ जाड होता." म्हटलं, "तुम्हाला दिसलं होतं? मग बसवताना बोलला का नाहीत?" म्हणाला, "विचारलं नाहीत." पण हा परका! ह्याचं मला खरंच काही वाटलं नाही, बघा.

रविवार. टेबल. पांढरं फडकं. मी भिंग लावून बसलोय, शेजारी ही टॉर्च धरून... हो, तीच, तोच टॉर्च! समोर सासरे, आणि माझ्या मागे उस्ताद. "हां, भाऊजी, आता तो काटा उचला... हळू... चिमटा असा धरा. नाही, नाही, तसा नव्हे!" अरे, तसाच धरतात! मी वर बघितलं की ही टेबलाखालून माझ्या पायावर पाय देते. मी काटे काढले, ब्लेडच्या टोकाने आठाचं टेंगूळ खरवडायला लागलो, कणाकणाने, श्वास रोखून, आणि हा वरून सासऱ्यांना सांगतोय, "मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं, रंग कमी घ्या." कधी म्हटलं होतंस रे? आणि सासरे मान डोलावतात. "शिकवायची हातोटी आहे पोराला."

झालं. काटे बसवले, चावी फिरवून काटा सात वाजल्यापासून पुढे नेला. काटा आठाशी आला... चढला... आणि गेला! अलगद गेला! नऊवर आला! माझ्या तोंडून निघणार होतं, "बघा!" पण मेहुणा आधी ओरडला, "बघा!"

सासऱ्यांनी घड्याळ बांधलं. हात लांब करून वेळ वाचली, स्वतःच. मग, तुम्हाला सांगतो, माझ्याकडे वळले. बावीस वर्षांत असे वळले नव्हते. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, एक बोलू? स्वतःला येत नसताना वयाने लहान माणसाच्या हाताखाली शिकायचं, आणि सगळे त्याचं कौतुक करत असताना बाजूला उभं राहून मनातल्या मनात एवढंसुद्धा जळायचं नाही... सोपं नाही हो. मला नसतं जमलं. वा!"

मिळाला! वा मिळाला! आणि कशाबद्दल? न जळल्याबद्दल! अहो, मी जळत होतो! इथपासून इथपर्यंत जळत होतो, अजून जळतोय, धूर दिसत नाही का तुम्हाला? अख्ख्या डायलवरची एकन्‌एक रेघ माझी, त्याचा वा त्याला, आणि जे माझ्याजवळ औषधालासुद्धा नाही त्याचा वा मला! सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. ही बघतेय, मेहुणा बघतोय, सासरे खांद्यावरचा हात काढत नाहीयेत...

घेतला. काय करता? "नाही हो बाबा, त्यात काय," असं म्हणालो आणि घेतला.